राज्यपालांच्या एका सहीने तेरा जिल्ह्यांत कायदा कसा बदलतो?

राज्यपाल म्हटले की महाराष्ट्रातल्या माणसाला गेल्या काही वर्षांतल्या तीन-चार गोष्टी आठवतात. नोव्हेंबर २०१९ मधला पहाटेचा शपथविधी. विधान परिषदेच्या बारा सदस्यांची अडून राहिलेली यादी. जून २०२२ मधली बहुमत चाचणी, जी बोलावण्याइतका आधार राज्यपालांपुढे नव्हता असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये सांगितले. अलीकडे त्यात तमिळनाडूच्या विधेयकांची भर पडली. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यपालांना विधेयकांवर निर्णय घेण्यासाठी मुदत घालून दिली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये घटनापीठाने, अशी मुदत न्यायालयाला घालता येत नाही, असा अभिप्राय दिला.

या सगळ्या सत्तेच्या गोष्टी. खुर्चीवर कोण बसणार आणि विधेयक कोणाचे अडणार, एवढाच त्यांचा विषय. पण 'अमुक राज्यपालांच्या काळात लोकांच्या पदरात काय पडले?' असे कोणी विचारले तर बहुतेकांना उत्तर सुचत नाही. राज्यपाल हे शोभेचे पद, हे आपण शाळेतल्या नागरिकशास्त्रापासून ऐकत आलो आणि बऱ्याच अंशी ते खरेही आहे. महाराष्ट्राच्या तेरा जिल्ह्यांतल्या काही भागांत मात्र ते खरे नाही. तिथे राज्यपाल राजपत्रात एक अधिसूचना काढून थेट संसदेने केलेला कायदासुद्धा बदलू शकतात. २०१४ ते २०२० या काळात के. शंकरनारायणन, सी. विद्यासागर राव आणि भगतसिंह कोश्यारी या तीन राज्यपालांनी हा अधिकार खरोखर वापरला. गडचिरोलीतल्या बांबूपासून नाशिक-पालघरच्या वनपट्ट्यांपर्यंत त्याचे परिणाम दिसतात. शहरातल्या वाचकापर्यंत ही गोष्ट फारशी आलीच नाही.

## नेहमीचे राज्यपाल काय करतात?

कोणताही शासन निर्णय, म्हणजे आपला रोजचा जीआर, उघडून पाहा. शेवटी ओळ असते: 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. त्याखाली सही असते ती एखाद्या उपसचिवाची किंवा कक्ष अधिकाऱ्याची. राज्यपालांनी तो जीआर पाहिलेलाही नसतो. राज्याचा कारभार त्यांच्या नावाने चालतो, पण निर्णय मंत्रिमंडळाचा असतो. घटनेचे कलम १६३ हेच सांगते की राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागायचे.

त्यामुळे रस्ता झाला, दवाखाना झाला, कर्जमाफी झाली, तर श्रेय किंवा दोष सरकारचा. राज्यपालांच्या नावावर ते मांडणे चूक ठरेल. महाराष्ट्रात याला दोन ठळक अपवाद आहेत. एक घटनेची पाचवी अनुसूची आणि दुसरा कलम ३७१ चे दुसरे पोटकलम. पहिल्यात सांगण्यासारखे खूप आहे, दुसऱ्याकडे शेवटी वळू.

## पाचवी अनुसूची म्हणजे काय?

देशात जिथे आदिवासी समाज मोठ्या संख्येने एकत्र राहतो, त्यातले काही प्रदेश राष्ट्रपती 'अनुसूचित क्षेत्र' म्हणून जाहीर करतात. अशा भागांचा कारभार कसा चालवायचा याचे नियम पाचव्या अनुसूचीत आहेत. (ईशान्येतल्या आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि मिझोरामसाठी सहावी अनुसूची वेगळी आहे.) महाराष्ट्रासह दहा राज्यांत अशी क्षेत्रे आहेत.

आपल्याकडे ठाणे, पालघर, नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव, अहिल्यानगर, पुणे, नांदेड, अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर आणि गडचिरोली अशा तेरा जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र आहे. अख्खे जिल्हे त्यात येत नाहीत. काही तालुके पूर्ण येतात, काही ठिकाणी मोजकीच गावे. पुणे जिल्ह्यातले नाव वाचून अनेकांना आश्चर्य वाटते, पण आंबेगाव आणि जुन्नरच्या सह्याद्रीकडच्या गावांत महादेव कोळी समाजाची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या आहे.

या क्षेत्रासाठी घटनेने राज्यपालांवर तीन कामे टाकली. राष्ट्रपतींना दरवर्षी तिथल्या कारभाराचा अहवाल पाठवायचा. आदिवासी सल्लागार परिषद स्थापायची, जिच्या वीसपर्यंत सदस्यांपैकी तीन-चतुर्थांश जागा आदिवासी आमदारांना द्यायच्या. आणि तिसरे, सगळ्यात वजनदार काम अनुसूचीच्या परिच्छेद ५ मध्ये आहे.

## परिच्छेद ५ ची ताकद

संसदेचा किंवा विधिमंडळाचा कोणताही कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू होणार नाही, किंवा अमुक बदल करून लागू होईल, असे राज्यपाल अधिसूचनेने जाहीर करू शकतात. हा बदल मागच्या तारखेपासूनही लागू करता येतो. त्यासाठी विधानसभेत मतदान लागत नाही आणि राष्ट्रपतींची संमतीही लागत नाही. याच परिच्छेदात दुसरा अधिकारही आहे. आदिवासींच्या जमिनी दुसऱ्याच्या हाती जाणे आणि सावकारी यांवर बंधने घालणारे नवे विनियम राज्यपाल करू शकतात. त्याला मात्र सल्लागार परिषदेशी चर्चा आणि राष्ट्रपतींची मान्यता, दोन्ही लागतात.

पहिला अधिकार नेमका कसा चालतो? दुकानातून तयार सदरा आणला आणि तो अंगाला बसला नाही, तर आपण शिंप्याकडे देतो. तो बाही आखूड करतो, कंबरेला दोन टाके घालतो, कधी खिसा काढून टाकतो. कापड तेच राहते, फक्त सदरा त्या अंगाला बसतो. मुंबई-दिल्लीत केलेला कायदा धडगाव किंवा एटापल्लीच्या अंगाला बसत नसेल तर राज्यपालांनी तो असा बेतून द्यावा, अशी घटनाकारांची कल्पना होती.

पुढची कित्येक दशके ही कात्री देशभर बहुतेक पडूनच राहिली. महाराष्ट्रात चित्र हलू लागले ते २०१३ मध्ये राजभवनात आदिवासी प्रश्नांसाठी स्वतंत्र कक्ष सुरू झाला तेव्हा. माझ्या मते ही सगळ्यात कमी लेखली गेलेली पायरी आहे. अधिकार कितीही मोठा असला तरी फाइल तयार करणारा, खात्यांना पत्रे लिहिणारा, गावांतून माहिती मागवणारा माणूस राजभवनात नसेल तर तो अधिकार घटनेच्या पानावरच राहतो.

## बांबू झाड की गवत?

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचे छोटे गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा इथलीच. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अशा पहिल्या गावांपैकी ते एक.

हक्क मिळाला, पण बांबू विकता येईना. वनहक्क कायद्यात बांबू हे गौण वनोपज आहे, म्हणजे लाकडाखेरीज जंगलातून मिळणारे उत्पन्न. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात मात्र बांबू हे झाड होते, आणि झाड म्हणजे इमारती लाकूड, त्यावर ताबा वन खात्याचा. बांबू ट्रकमध्ये भरून गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो आणि तो खात्याकडून. परवाना नसेल तर स्वतःच्या हक्काच्या जंगलातला बांबू नेणाराही चोर ठरायचा. शेवटी एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिले.

एका गावाचा प्रश्न मंत्री येऊन सुटला. बाकीच्या गावांचे काय? प्रत्येक गावात मंत्री येणार नव्हता. शिवाय महाराष्ट्राचा १९९७ चा स्वतःचा कायदा आडवा येत होता. अनुसूचित क्षेत्रातल्या गौण वनोपजाची मालकी त्याने ग्रामपंचायतींना दिली होती, पण त्याच्या यादीत बांबू आणि तेंदू नव्हते. ज्या दोन गोष्टींत खरा पैसा आहे, नेमक्या त्याच वगळलेल्या. हिरडा, मोहफूल, चारोळी तुमची, तेंदूचा लिलाव मात्र खात्याचा.

ऑगस्ट २०१४ मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने ही गाठ सुटली. अनुसूचित क्षेत्रापुरती गौण वनोपजाची व्याख्या वनहक्क कायद्याशी जुळवून घेतली गेली आणि बांबू-तेंदू ग्रामसभेचे झाले. विधिमंडळातून हाच बदल करायचा तर किती अधिवेशने गेली असती सांगता येत नाही.

मे महिन्यात गडचिरोलीत गेलात तर याचा अर्थ डोळ्यांनी दिसतो. भल्या पहाटे बायका-माणसे तेंदूची पाने तोडायला जंगलात शिरतात, दुपारी घरी बसून पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पाने मोजून घेण्याच्या जागेवर नेऊन देतात. पुडे उन्हात वाळतात, मग गोण्या भरल्या जातात. पूर्वी तोडणाऱ्याला मजुरी मिळे आणि कधीतरी मागाहून बोनस. आता ग्रामसभेपुढे दोन रस्ते आहेत. लिलाव वन खात्याकडे सोपवायचा किंवा स्वतः करायचा. स्वतः केला तर मजुरीखेरीज स्वामित्वधनाची, म्हणजे रॉयल्टीची रक्कमही ग्रामसभेच्या खात्यात येते आणि तिचे काय करायचे हे गाव ठरवते. कोरचीसारख्या तालुक्यात ग्रामसभांनी महाग्रामसभा उभी केली, कारण एकट्या गावापेक्षा व्यापाऱ्याशी एकत्र बोललेले बरे.

सगळे गोड झाले असे म्हणता येत नाही. ज्या वर्षी भाव पडतो त्या वर्षी ग्रामसभाच तोंडघशी पडते. पैसे थकवून ठेकेदार गायब झाल्याच्या तक्रारीही गावागावांत ऐकू येतात. मालकी आली की जोखीमही येते. करार कसा लिहायचा, बयाणा किती घ्यायचा, बँक हमी का मागायची, हे गावांना कोणीतरी शिकवायला हवे होते आणि त्या बाबतीत सरकार फार मागे राहिले.

## पाच टक्के अबंध निधी

दुसरा मोठा बदल ऑक्टोबर २०१४ मध्ये विद्यासागर राव यांच्या अधिसूचनेने झाला. राज्याच्या योजनेतला काही भाग दरवर्षी आदिवासींसाठी वेगळा काढला जातो, त्याला आदिवासी उपयोजना म्हणतात. लोकसंख्येत आदिवासींचा जेवढा वाटा, साधारण तेवढा पैसा त्यांच्यासाठी, असे त्यामागचे सूत्र. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात हा वाटा ९.३५ टक्के आहे.

हा पैसा मंत्रालयातून निघायचा, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात पोहोचायचा, तिथून योजनेच्या रूपाने गावात उतरायचा. गावाला विहीर हवी असली तरी त्या वर्षी योजना ताडपत्रीची असेल तर ताडपत्रीच यायची. राज्यपालांनी ग्रामपंचायत कायद्यात अनुसूचित क्षेत्रापुरता बदल केला: आदिवासी उपयोजनेच्या किमान पाच टक्के रक्कम थेट ग्रामपंचायतींना द्यायची. एप्रिल २०१५ मध्ये त्याचा जीआर निघाला आणि पहिल्या वर्षी सुमारे २५८ कोटी रुपयांची तरतूद झाली.

'अबंध' म्हणजे कोणत्या योजनेला न बांधलेला. खर्चासाठी चार मोठी दालने ठरवून दिली आहेत: पायाभूत सुविधा, वनहक्क आणि पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-स्वच्छता-शिक्षण, आणि जंगल व पाण्याची कामे. त्यांच्या आत नेमके काय करायचे ते ग्रामसभा ठरवते.

इथे 'पेसा'चा अर्थ एकदा सांगायला हवा. पंचायत राजचे नियम अनुसूचित क्षेत्राला लागू करताना तिथल्या ग्रामसभेला जास्त अधिकार देणारा १९९६ चा केंद्रीय कायदा, तो पेसा. महाराष्ट्राने त्याचे नियम केले मार्च २०१४ मध्ये, कायद्यानंतर सतरा वर्षांनी. त्यातली एक तरतूद फार महत्त्वाची आहे. एकाच ग्रामपंचायतीत पाच-सहा पाडे असतील तर प्रत्येक पाडा ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याची मागणी करू शकतो, आणि मग त्याची ग्रामसभा वेगळी. मोठ्या गावच्या सभेत डोंगरावरच्या पाड्याचा आवाज दबतो. पाड्याची सभा वेगळी झाली की निधीत त्याचा वाटाही त्याच्या लोकसंख्येप्रमाणे त्याच्याकडे येतो. वर्षानुवर्षे 'आमच्या पाड्याला काहीच येत नाही' म्हणणाऱ्या माणसासाठी हा फरक किती मोठा आहे, हे पाड्यावर राहणाऱ्यालाच कळेल.

या पैशातूनही काही ठिकाणी ग्रामसेवक आणि सरपंचांनीच आराखडा उरकला, ग्रामसभा कागदावर झाली. पेसा मोबिलायझर म्हणून नेमलेल्या मुलामुलींना तुटपुंजे मानधन मिळते आणि तेही वेळेवर मिळत नाही, ही तक्रार जुनी आहे. निधीची कल्पना मात्र ठाम उभी आहे.

## वनपट्टा नाकारला, आता जायचे कुठे?

वनहक्क कायद्यात दाव्याचा प्रवास असा: ग्रामसभा, मग उपविभागीय समिती, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा समिती. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असल्याचा पुरावा आदिवासीने द्यायचा. जिल्हा समितीचा निर्णय अंतिम, असे कायद्याच्या कलम ६ मध्ये लिहिले होते. तिथे दावा फेटाळला गेला की उच्च न्यायालय गाठण्यावाचून इलाज नव्हता. सुरगाणा किंवा मोखाड्याच्या शेतकऱ्याला मुंबईत वकील लावणे म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी आलेला शेतकऱ्यांचा मोर्चा आठवत असेल. रक्ताळलेल्या पायांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. त्या मोर्चात आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते आणि वनजमिनीचे दावे ही त्यांची मुख्य मागणी होती. पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये, दावे फेटाळल्या गेलेल्यांना जमिनीवरून हटवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. महिनाभराच्या आतच त्याला स्थगिती मिळाली, पण धास्ती राहिली.

मे २०२० मध्ये कोश्यारी यांनी अधिसूचना काढून महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रासाठी कलम ६ बदलले. जिल्हा समितीविरुद्ध विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अपील करण्याची सोय झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आणखी एक अधिसूचना आली. गावठाण अपुरे पडते म्हणून वनवासी कुटुंबांना गाव सोडावे लागू नये, यासाठी लगतच्या वनजमिनीवर घरे बांधता येण्याचा मार्ग तिने खुला केला.

बहुमत चाचणीवरून ज्या राज्यपालांवर न्यायालयाने बोट ठेवले, त्याच राज्यपालांच्या नावावर हे कामही आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही लक्षात ठेवायला हव्यात.

## 'हे तर सरकारनेच केले, राज्यपालांचे काय त्यात?'

रास्त शंका. परिच्छेद ५ चा अधिकार राज्यपाल स्वतःच्या विवेकाने वापरतात की मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने, यावर कायदेपंडितांत वाद आहे. प्रत्यक्षात मसुदा खात्याशी बोलूनच होतो. खात्याने साथ दिली नाही तर अधिसूचना राजपत्रातच राहते.

तरीही श्रेय पूर्ण सरकारकडे टाकता येत नाही. पाच टक्के निधीची अधिसूचना निघाली त्या ऑक्टोबर महिन्यात महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट होती, मंत्रिमंडळ नव्हतेच. एरवीही आपल्या खात्याचा पैसा किंवा ताबा कमी करणारा प्रस्ताव कोणते खाते आपणहून आणते? वन खाते बांबू सोडायला राजी नव्हते आणि आदिवासी विकास विभागाचा पाच टक्के पैसा गावांकडे गेला. अशा वेळी खात्यांच्या वरून कोणीतरी सांगावे लागते, आणि तिथे राजभवनाच्या शब्दाला वजन असते.

अर्थात या साऱ्याच्या मुळाशी गावे आहेत. मेंढ्याने बांबूसाठी झगडा केला नसता, नाशिकचा मोर्चा चालला नसता, तर राजभवनात फाइल उघडलीच नसती.

## 'एका माणसाने संसदेचा कायदा बदलायचा, हे लोकशाहीत बसते का?'

महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ पैकी २५ जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. नुसत्या बहुमताच्या हिशेबात त्यांचे म्हणणे कधीच पुढे जाणार नाही. म्हणून घटनेनेच हा जादा दरवाजा ठेवला. त्याला कुंपणही आहे, आणि ते किती पक्के आहे हे एप्रिल २०२० मध्ये कळले.

तेव्हाच्या एकत्रित आंध्र प्रदेशात राज्यपालांच्या आदेशाने २००० साली अनुसूचित क्षेत्रातल्या शाळांतली शिक्षकांची सगळी पदे स्थानिक आदिवासींना राखून ठेवली होती. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो आदेश रद्द केला. राज्यपालांची अधिसूचना मूलभूत हक्कांच्या वर नाही आणि शंभर टक्के आरक्षण बसत नाही, असे न्यायालयाने सांगितले.

त्याचा फटका महाराष्ट्रालाही बसला. आपल्याकडे जून २०१४ च्या अधिसूचनेने तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, परिचारिका, कृषी सहायक अशी गावपातळीवरची पदे स्थानिक आदिवासींसाठी ठेवली होती. पुढे पदांची संख्या सतरावर गेली. २०१९ मध्ये त्यात टप्पे आले: आदिवासी निम्म्याहून जास्त असतील तिथे सगळी पदे, पंचवीस ते पन्नास टक्के असतील तिथे निम्मी, त्याखाली पाव. यामागचा विचार मला पटतो. गोंडी किंवा पावरी न समजणारा शिक्षक पहिलीच्या मुलाला काय शिकवणार? बदलीची वाट पाहणारी परिचारिका पावसाळ्यात पाड्यावर राहील का? पण त्याच पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या बिगरआदिवासी तरुणाला एकही जागा उरत नसेल, तर त्याची तक्रारही खोटी नाही. मामला न्यायालयात गेला आणि भरती अडकली. परीक्षा पास झालेली मुले घरी बसली. ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये नाशिकला आंदोलन पेटले. ऑक्टोबरमध्ये विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उडी घेतली, त्यांच्या मागण्यांत पेसा भरती होती. न्यायालयाच्या निकालाला अधीन राहून मानधनावर नेमणुका, असा मधला मार्ग सरकारने काढला. कायम नोकरीची आशा धरलेल्या मुलांसाठी तो तोडगा अपुरा आहे.

## 'ही कात्री आदिवासींच्या विरुद्ध चालली तर?'

चालू शकते, आणि या शंकेकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. २०१६ मध्ये जमीन महसूल संहितेत बदल होऊन अनुसूचित क्षेत्रातल्या आदिवासीची जमीन विकण्याआधी ग्रामसभेची मंजुरी आवश्यक झाली. वर्षभरातच, २०१७ मध्ये, महत्त्वाच्या सरकारी प्रकल्पांना लागणाऱ्या जमिनीसाठी ती अट राज्यपालांच्याच अधिसूचनेने सैल झाली. रस्ते, कालवे, रेल्वे हवेत हे मान्य. पण ग्रामसभेला विचारायचे नाही, हे पेसाच्या मूळ हेतूशी विसंगत आहे, असे मला वाटते. विधेयक असते तर निदान सभागृहात चर्चा झाली असती. अधिसूचना एके दिवशी राजपत्रात छापून येते आणि गावाला कळते ते मोजणी करणारी माणसे शेतात उभी राहिल्यावर.

## विदर्भ-मराठवाड्याचा अनुशेष

आता दुसरा अपवाद, थोडक्यात. कलम ३७१(२) नुसार विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यात विकासाचा पैसा न्याय्य वाटला जाईल हे पाहण्याची खास जबाबदारी राज्यपालांवर सोपवता येते. १९९४ मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने ती सोपवली गेली आणि तीन विकास मंडळे स्थापन झाली. तेव्हा राज्यपाल होते पी. सी. अलेक्झांडर. सिंचनाचा अनुशेष, म्हणजे मागे राहिलेले काम, कोणत्या विभागात किती आहे ते मोजून निधीवाटपाचे निर्देश राजभवनातून निघू लागले. पश्चिम विदर्भातल्या अनुशेषाची चर्चा आज ज्या आकड्यांवर चालते, ते त्या काळच्या मोजणीतून आले. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि मुदतवाढ मिळाली नाही. पुनर्स्थापनेचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये घेतला, पण निधीची टंचाई आणि सरकार बदलले की विषय मागे पडणे हे दुखणे जुनेच आहे.

## तुमचे गाव या क्षेत्रात असेल तर

अबंध निधीचा आराखडा ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगा. ग्रामसभा कोषाचे पासबुक पाहायला मागा, तो तुमचा हक्क आहे. पाडा मोठ्या गावापासून दूर असेल तर वेगळ्या गावाच्या ठरावाचा विचार करा. वनहक्काचा दावा जिल्हा समितीने फेटाळला असेल तर निर्णयाची लेखी प्रत घ्या, कारण मुदत त्यावरून मोजली जाते आणि प्रतीशिवाय अपील उभे राहत नाही. तेंदूचा करार करण्याआधी शेजारच्या ग्रामसभांनी गेल्या वर्षी काय भाव घेतला ते विचारा.

आणि क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी एक. राज्यपालांनी राष्ट्रपतींना पाठवायचा वार्षिक अहवाल विधानसभेपुढे मांडण्याची सक्ती घटनेत नाही. तो वेळेवर जातो की नाही आणि त्यात काय लिहिले आहे, यावर सार्वजनिक चर्चा जवळपास होतच नाही. हा अहवाल दरवर्षी मराठीत प्रसिद्ध करावा आणि परिच्छेद ५ खालच्या प्रत्येक अधिसूचनेचा मसुदा आधी गोंडी, कोरकू, भिली, वारली बोलणाऱ्या गावांत वाचून दाखवावा, अशी मागणी आमदारांकडे आणि थेट राज्यपालांकडे पत्र पाठवून करता येते.